जो पॅच लागला नाही

२०२५च्या मार्चमधल्या एका शनिवारी मी डेबियन या लिनक्स प्रणालीतलं एक जुनं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेला एक प्रोग्रॅम, नव्या आवृत्तीवर नेत होते. काम झालं, पॅकेज रिलीजमध्येही गेलं. पण त्या दिवशी घेतलेला एक निर्णय रिलीजनंतर पुन्हा पुढ्यात येऊन उभा राहिला, आणि तो बरोबर होता की नाही हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

पॅकेजचं नाव सांगत नाही. त्याच्याशी संबंध असलेली माणसं इतकी थोडी आहेत की नाव घेतलं तर माणसंच ओळखू येतील. लॉग फायलींवर, म्हणजे यंत्राच्या नोंदींवर, नजर ठेवणारा तो एक छोटा डिमन आहे: मागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम. नियमांच्या फाईलमध्ये रेजेक्स, म्हणजे मजकूर ओळखायचे साचे, लिहायचे. लॉगमधली ओळ एखाद्या नियमात बसली की डिमन ईमेल पाठवतो. बास. लोक तो एकदा लावतात आणि विसरून जातात. अशा अवजारावर माणसं विसरून विसंबू शकतात, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

ते किती मागे पडलंय हे कित्येक वर्षं कुणाला कळलंच नव्हतं. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये सहसा 'वॉच' नावाची एक बारकी फाईल असते. मूळ प्रकल्पाची, म्हणजे जिथे तो प्रोग्रॅम लिहिला जातो त्याची, नवी आवृत्ती कुठल्या पानावर शोधायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. यंत्रणा ते पान तपासत राहते आणि पॅकेज मागे पडलं की मेंटेनरच्या, म्हणजे ते सांभाळणाऱ्याच्या, पानावर तसं दाखवते. या प्रकल्पाने मध्येच घर बदललं. जुन्या जागेवरचं डाउनलोडचं पान मात्र तसंच राहिलं, त्यामुळे यंत्रणा रोज तिथे जाऊन 'सगळं अद्ययावत आहे' असंच सांगत राहिली. प्रत्यक्षात मूळ प्रकल्प पहिल्या मालिकेवरून दुसऱ्या मालिकेवर जाऊन बराच पुढे गेला होता.

बिंग फुटलं ते कंपायलरमुळे, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनामुळे. जीसीसी १४ या कंपायलरने, आधी कुठेही न सांगितलेलं फंक्शन थेट वापरणं ही सूचना न ठेवता चूक ठरवली. जुन्या सी कोडमध्ये असे प्रकार पोत्याने सापडतात. आमचं पॅकेज बिल्ड होईना, त्यावर गंभीर बग लागला, मेंटेनरकडून उत्तर आलं नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते टेस्टिंगमधून, म्हणजे पुढच्या रिलीजसाठी तयार होत असलेल्या संचातून, आपोआप बाहेर पडलं. दुसरं दुखणं पीसीआरईचं. ही रेजेक्स चालवणारी लायब्ररी. तिच्या जुन्या शाखेची शेवटची आवृत्ती, ८.४५, २०२१मध्ये आली आणि तिथे तिचं काम थांबलं. नवी शाखा, पीसीआरई२, २०१५पासून उपलब्ध आहे. बाहेरच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, कारण डेबियनमध्ये जुन्या शाखेच्या पॅकेजचं नाव पीसीआरई३ आहे आणि नव्या शाखेचं पीसीआरई२. जुनी लायब्ररी काढून टाकायची होती, तेव्हा तिच्यावर उभी असलेली पॅकेजं एक तर हलवायची किंवा सोडून द्यायची, एवढेच दोन मार्ग उरले होते.

याच सुमारास बग नोंदींमध्ये लोक लिहू लागतात. 'आवृत्ती इतकी जुनी का?' 'नवी टाकायला पाच मिनिटं लागतात.' मी हे काम फावल्या वेळात करते आणि मला या वाक्याचा मनापासून राग येतो. नवी फाईल आणून बिल्ड करायला खरंच पाच मिनिटं लागत असतील. त्या फाईलची हमी घ्यायला लागत नाहीत. तुलनेने, 'मी तुमच्या शाखेवर हे बिल्ड करून पाहिलं, अमुक चाचणी पडते' असं लिहिणारा एखादाच असतो, आणि अशा एका नोंदीमुळे आख्खी संध्याकाळ वाचते.

डेबियनमध्ये कुणाचं पॅकेज सरळ उचलून घेता येत नाही. मेंटेनर गप्प असेल तर 'साल्व्हेज'चा मार्ग असतो: आपला इरादा जाहीर करणारी बग नोंद करायची, २१ दिवस थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर अपलोड करायचं, तेही किमान सात दिवस अडवून ठेवणाऱ्या रांगेत. म्हणजे मूळ मेंटेनरला शेवटपर्यंत 'थांबा' म्हणायला जागा. काहींना हे फार संथ वाटतं. मला नाही वाटत. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणी मागचं दार घुसवल्याचं प्रकरण झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिलं की थकलेल्या, एकट्या मेंटेनरवर 'दुसऱ्या कुणाला तरी हक्क द्या' असा दबाव आणून काय साधता येतं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते मागचं दार सापडलं. डेबियनच्या स्टेबलमध्ये, म्हणजे रिलीज झालेल्या संचात, एक्सझेडची आवृत्ती जुनी होती, म्हणून स्टेबल वापरणारे त्यातून सुटले. अनस्टेबलमध्ये, जिथे नव्या आवृत्त्या आधी येतात, मात्र मागे यावं लागलं, आणि आवृत्तीचा आकडा कमी करता येत नसल्यामुळे ५.६.१च्या पुढे 'रिअली ५.४.५' असं जोडून जुनाच कोड पाठवावा लागला. तेव्हापासून मी एक गोष्ट चुकवत नाही: प्रकल्पाने दिलेली टारबॉल, म्हणजे कोडची एकत्र बांधलेली फाईल, आणि गिटमधला, म्हणजे कोडच्या बदलांच्या उघड नोंदीतला, त्याच आवृत्तीचा कोड ओळीला ओळ लावून पाहते. एक्सझेडमध्ये हल्ला चालू करणारा तुकडा फक्त टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता.

आमच्या पॅकेजच्या टारबॉलमध्ये वावगं काही निघालं नाही. त्या शनिवारी मी नव्या आवृत्तीवर आधीच्या मेंटेनरचे पॅच, म्हणजे मूळ कोडवर त्याने केलेले छोटे बदल, एकेक करून चढवायला घेतले. बहुतेक निकालात निघाले. मूळ प्रकल्पाने तेच बदल केव्हाच स्वीकारले होते. एक मात्र लागेना. नव्या मालिकेत नियम वाचणारा कोड पूर्ण नव्याने लिहिला होता, त्यामुळे पॅचला धरायला ओळच नव्हती.

असा पॅच टाकून देणं सगळ्यात सोपं, आणि तो टाकला तरी कुणी विचारत नाही. पण पॅचच्या डोक्यावर आधीच्या मेंटेनरने नीट टिपण लिहिलं होतं: कुठल्या बगसाठी, का, मूळ प्रकल्पाला कधी कळवलं, त्यांनी का नाकारलं. बग जुना होता. एका वापरकर्त्याच्या नियमात एक कंस मिटायचा राहिला होता. नियम कंपाइल होत नव्हता, म्हणजे लायब्ररीला तो वाचता येत नव्हता, म्हणून डिमनने तो गुपचूप सोडून दिला आणि बाकीच्या नियमांवर पुढे चालू राहिला. डिस्कमधल्या बिघाडाचा इशारा देणारा नियम नेमका तोच होता. पॅचने ते वागणं बदललं होतं: एक जरी नियम कंपाइल झाला नाही तरी डिमन सुरूच होणार नाही, फाईल आणि ओळ सांगून थांबेल.

मी नवा कोड उघडला. गुपचूप सोडून देणं तिथे जसंच्या तसं होतं. सूचना फक्त डीबग मोडमध्ये दिसत होती. म्हणून तो पॅच मी नव्या कोडसाठी पुन्हा लिहिला. बारा-पंधरा ओळींचं काम.

मग चाचण्या चालवल्या. त्या माणसाने चाचण्यांच्या डिरेक्टरीत नियमांचे नमुने साठवून ठेवले होते, लोकांनी बग नोंदींसोबत पाठवलेले खरेखुरे. प्रत्येक फाईलला बगचा क्रमांक. जुन्या आवृत्तीवर सगळे पास होत होते. नव्यावर एकामागून एक पडायला लागले. आधी वाटलं माझा पॅच चुकला. मग एक नियम घेऊन तो तोडत तोडत लहान केला, शेवटी चौकटी कंसातली तीन चिन्हं उरली: 'अक्षर किंवा अंक' सांगणारी खूण, मग डॅश, मग टिंब. होस्टचं नाव पकडायला लोक हेच लिहितात.

डॅश दोन चिन्हांमध्ये आला की त्याचा अर्थ 'इथपासून तिथपर्यंत'. पण 'अक्षर किंवा अंक'पासून टिंबापर्यंत असा पल्ला असू शकत नाही. जुनी पीसीआरई अशा वेळी डॅशला साधा डॅश समजून पुढे जायची. पीसीआरई२ म्हणते की ही बहुधा लिहिणाऱ्याची चूक आहे, आणि कंपाइल करायला नकार देते. वेबसाइटसाठी वापरली जाणारी पीएचपी भाषा ७.३ आवृत्तीत पीसीआरई२वर गेली तेव्हा याच डॅशवर किती तरी साइट अडकल्या होत्या. उपायही तोच: डॅश कंसाच्या शेवटी न्यायचा किंवा त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यायची.

त्या दुपारी मी स्क्रीनसमोरून बराच वेळ उठले नाही. तो जुना पॅच टाकून दिला असता तर बिल्ड स्वच्छ झालं असतं, डिमन सुरूही झाला असता, आणि अनेकांचे नियम कुणाच्याही नकळत मेले असते. 'पाच मिनिटांत नवी टाका' म्हणणाऱ्यांना मिळालं असतं ते हे. ज्याला सगळे 'बेपत्ता' म्हणत होते त्या माणसाने हे धरणारं जाळं किती तरी आधी लावून ठेवलं होतं. मी त्याला त्याच रात्री लिहिलं. उत्तर आलं नाही, तरी लिहिलं याचं बरं वाटतं.

मूळ प्रकल्पाला कळवलं. उत्तर तत्पर आणि थंड होतं: नियम चुकीचा आहे, वापरणाऱ्यांनी दुरुस्त करावा. शिवाय आम्ही कंटेनर (लागणारं सगळं आत भरलेला तयार संच) देतो, तो वापरा. पहिलं वाक्य खरं आहे. पण वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट चुकीची होती हे वापरणाऱ्याला कळणार कसं, याची जबाबदारी त्या वाक्यात कुणीच घेत नाही.

मला अपलोडचा हक्क नाही. माझं काम एक स्पॉन्सर तपासून चढवतात. नियंत्रण फाईलमधली एक जादा रिकामी जागाही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक, डॅश आपणच दुरुस्त करून नियम चालवायचा. दोन, पॅच ठेवायचा, डिमन सुरू होऊ द्यायचा नाही आणि अपग्रेडच्या वेळी दिसणाऱ्या सूचनेत हे ठळक लिहायचं.

"दुसऱ्याचा रेजेक्स आपण मनाने बदलायचा नाही," त्यांनी लिहिलं. "आज डॅश बदलाल, उद्या काय काय बदलावं लागेल? जे चालणार नाही ते स्पष्ट थांबू द्या."

मला पटलं. सॉफ्ट फ्रीझ, म्हणजे रिलीजआधी बदल आवरते घेण्याचा टप्पा, १५ एप्रिलला होता. बाहेर पडलेलं पॅकेज त्यानंतर टेस्टिंगमध्ये परत घेत नाहीत. आम्ही दुसरा पर्याय घेतला, पॅकेज वेळेत आत गेलं, आणि ९ ऑगस्टला डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, बाहेर पडलं.

नंतर एक बग नोंद आली. लिहिणारा सभ्य होता, म्हणून ती जास्त लागली. त्याने बरीच सर्व्हर बुकवर्मवरून, म्हणजे डेबियन १२वरून, ट्रिक्सीवर नेली, स्क्रिप्टने, कुणी समोर न बसता. सूचना कुणाच्या डोळ्यांसमोर आलीच नाही. डिमन सुरू झाला नाही, आणि पॅकेज बसवणाऱ्या स्क्रिप्टने ते अपयश पुढे कळवलं नाही, कारण डेबहेल्पर हे पॅकेज बनवायचं साधन जी स्क्रिप्ट तयार करतं तिच्यात सेवा सुरू झाली नाही तरी पुढे जायचं असंच लिहिलेलं असतं. इशारे येणं बंद झालं आणि त्याला वाटलं, सगळं शांत आहे. लॉग पाहणारा डिमन बंद पडल्याचं लॉगमध्ये लिहिलेलं होतं. ते वाचून ईमेल पाठवायचं काम त्याच डिमनचं.

स्क्रिप्टचं ते वागणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. एका छोट्या डिमनपायी पूर्ण सिस्टिमचं अपग्रेड अर्ध्यात अडकून पडणं कितीतरी वाईट. लायब्रऱ्या निम्म्या नव्या, निम्म्या जुन्या, आणि समोर माणूस नाही. तो मार्ग मी तेव्हाही नाकारला होता, आजही नाकारेन. मला टोचतं ते वेगळं. तो पॅच लिहिला गेला तेव्हा नियम न चालणं ही क्वचितची घटना होती: कुणी तरी फाईल नुकतीच बदललेली असायची, ती व्यक्ती समोर बसलेली असायची, डिमन थांबला की लगेच कळायचं. अपग्रेडमध्ये फाईल कुणी बदललेलीच नसते आणि समोरही कुणी नसतं. पॅचच्या ओळी त्याच राहिल्या. तो ज्या परिस्थितीसाठी होता ती राहिली नाही. स्पॉन्सरांना हे लिहिलं तर ते म्हणाले, "तरीही एक नियम गुपचूप गमावण्यापेक्षा सेवा बंद पडणं मी पत्करेन. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला विचारलं तर ती निदान 'फेल्ड' म्हणते." यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. बंद पडलेली सेवा शोधणारे लोक आहेत, हे खरं. पण इतका लहान डिमन लावणाऱ्यांकडे दुसरी पाहणी करणारी व्यवस्था सहसा नसते. असती तर त्यांनी हा लावलाच नसता.

आता माझ्या शाखेवर तिसरा मार्ग तयार आहे. डिमन सुरू होतो, चालणारे नियम चालवतो, आणि न चालणाऱ्या प्रत्येक नियमासाठी, फाईल आणि ओळीसकट, त्याच पत्त्यावर ईमेल पाठवतो जिथे एरवी इशारे जातात. नियम दुरुस्त होईपर्यंत रोज एकदा. डॅशला हात लावत नाही. आधीच्या मेंटेनरच्या नमुन्यांमध्ये मी या बगची फाईलही त्याच्याच पद्धतीने क्रमांक देऊन टाकली आहे.

अनस्टेबलमध्ये हे पाठवायला अडचण नाही. प्रश्न ट्रिक्सीचा आहे. स्टेबलमध्ये वागणं बदलणारा बदल सहज घेत नाहीत, आणि घेऊही नये. पण ज्यांना याची गरज आहे ते सगळे तिथेच आहेत. फरकाची फाईल जोडून रिलीज टीमकडे विनंती केली आहे. कारणाच्या रकान्यात मी त्या पहिल्या, न मिटलेल्या कंसाच्या बगचा क्रमांकही दिला आहे.