काय खाल्लं होतंस म्हणून झालं?

चार वर्षं झाली. नाशिकात कुठल्याही लग्नाला गेले की पंगत उठायच्या आत कुणीतरी जवळ बसून विचारतंच, "किडनीचं? या वयात? काय खाल्लं होतंस गं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. काहीही खाल्लं नव्हतं. पाणीही कमी पीत नव्हते.

माझ्या आजाराचं नाव मेंब्रेनस नेफ्रोपथी. किडनीच्या गाळणीवरच्या पेशींवर पीएलए२आर नावाचं प्रथिन असतं. माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडी त्याला जाऊन चिकटतात, गाळणी बिघडते आणि रक्तातलं प्रथिन लघवीतून जातं. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत हेच प्रथिन लक्ष्य असतं, हे २००९ मध्ये कळलं. तेही संशोधकांनी प्रथिनातले गंधकाचे बंध शाबूत ठेवले म्हणून. बंध तोडले की प्रथिनाची घडी मोडते आणि अँटिबॉडीला ते ओळखताच येत नाही. निऱ्या घालून नेसलेली नऊवारी ओळखावी आणि तेच लुगडं दोरीवर वाळत असताना ओळखू नये, तसं. ती घडी माझी आहे, जन्मापासूनची. ताटातून आलेली नाही.

हे इतकं ठासून सांगते, कारण एकदा मीच खोटं बोलले.

पाय इतके सुजले होते की जोडवी मांसात रुतली. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. शेवटी आई मला सराफ बाजारात घेऊन गेली. सोनारकाकांनी माझा पाय स्टुलावर घेतला, अंगठ्याने दाबून पाहिलं. तिथे खळगा पडला आणि भरेचना. जोडवं कापताना त्यांनी सहज विचारलं, "काय झालं ताई?" दुकानात चार बायका बसल्या होत्या. मी थकले होते. म्हटलं, "पाणी कमी प्यायले, काका." आई कापलेली जोडवी रुमालात बांधत होती. तिचा हात थांबला. त्या रात्रीपासून माझ्या उशाशी भरलेला तांब्या असतो. सूज होती तेव्हा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, तरीही.

आता प्रामाणिकपणे. पहिलं वर्षभर मीही कारणं शोधत होते. लग्नाआधी गोरेपणाची क्रीम लावली होती. पुढे वाचलं की केरळात पारा असलेल्या अशा क्रीम वापरणाऱ्यांना हाच आजार झाला. त्या रात्री डोळा लागला नाही. त्या रुग्णांपैकी बहुतेकांत लक्ष्य वेगळं होतं, नेल-१ नावाचं दुसरं प्रथिन; माझ्या रिपोर्टमध्ये पीएलए२आर आहे. डॉक्टर म्हणाल्या, क्रीमचा विचार सोड. मी सोडला, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. पूर्ण सुटलेला नाही.

गेल्या महिन्यात आईला निऱ्यांचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्यांचीच घडी तशी असते ना? मग तुझीच का धरली?" मी जनुकांचं सांगितलं, शरीराला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या एचएलए जनुकांचं. तीच जनुकं असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, हेही सांगितलं.

"मग?" आई म्हणाली.

मी गप्प बसले. ती तांब्या भरायला आत गेली.