तुम्ही विचारलंत म्हणून: वरून पट्टी मारून भागत नाही का?

जुनी पद्मिनी, म्हणजे फियाटची मोटार, घेतलेला माणूस भेटला की हा प्रश्न ठरलेला. ‘दाराखालचा पत्रा जरासा खाल्लाय. डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, म्हणतो, वरून पत्र्याची पट्टी मारतो, लांबी (पुट्टी) भरतो, रंग मारला की कळणारसुद्धा नाही. तुम्ही मात्र सगळं कापायला सांगता. एवढी उठाठेव करायलाच हवी का?’

हवी. कळणार नाही, हीच तर भानगड आहे.

जुन्या जीपला खाली वेगळी चॅसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते. बॉडी सडली तरी चाकं, इंजिन, स्प्रिंगा त्या चॅसिसवर घट्ट बसलेल्या असतात. कुर्ल्यात 1964 पासून निघालेल्या फियाट 1100 डिलाइटला आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली तिला असा सांगाडाच नाही. फ्लोअर, पिलर, छत आणि दारांखालच्या दोन लांब पोकळ पेट्या, ज्यांना गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, हे सगळं एकमेकांना वेल्ड करूनच गाडी उभी राहते. रनिंग बोर्ड गेला की गाडी मधोमध वाकायला मोकळी.

आणि तो आतून जातो. पावसाचं पाणी काचेच्या रबराशेजारून दारात उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं आणि रनिंग बोर्डाची भोकं मातीनं बुजली की पाणी आत मुरतं. जिथे दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेत, त्या फटीत ते खेचलं जातं आणि लवकर सुकत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून जोड फुगून उकलतो. रंगाखाली नखाएवढा फोड दिसेपर्यंत आतल्या पत्र्याची चाळण झालेली असते. त्यावर मारलेली पट्टी कशाला धरणार? वर पाणी कोंडणार ते वेगळंच.

खात्री करायची तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालून फिरवा. लांबीवर ते पकडत नाही. मग गाडी एका बाजूनं जॅकवर घ्या आणि त्या बाजूची दारं उघडून-लावून बघा. जमिनीवर गुमान लागणारं दार जॅकवर अडायला लागलं, तर पट्टीचा विषय संपला.

कापायच्या आधीची तयारी हाच या कामाचा जीव आहे. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी बाहेर. गाडी लेव्हलमध्ये घेऊन स्टँडवर पक्की बसवा. दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे टॅक करा, म्हणजे तात्पुरत्या टाक्यांनी वेल्ड करा, नाहीतर पत्रा कापताच चौकट हलते आणि नवा रनिंग बोर्ड त्या वाकड्या मापातच कायमचा बसतो. एका वेळी एकच बाजू. चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे कापत जा. बाहेरचा पत्रा बदलून आतला सडका ठेवण्यात काही अर्थ नाही. पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा काळा-करडा), अठरा गेजचा घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, टिकतो म्हणून कुणी आणला तर वेल्डिंगला पांढरा धूर निघतो आणि वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

वेल्डिंग सीओटूनं, म्हणजे तारेच्या विजेच्या वेल्डिंगनं, करा. गॅस वेल्डिंगच्या ज्योतीची आच लांबवर पसरते आणि पत्रा लाटा धरतो. वरच्या पत्र्याला भोकं पाडून त्यांतून खालच्याला टाके घ्यायचे, एक इथे तर दुसरा लांब तिथे. एकमेकांवर बसणाऱ्या पृष्ठभागांवर आधीच झिंक प्रायमर हवा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. पक्कं करण्याआधी दारं लावून फटी बघा. त्या एकसारख्या नसतील तर टॅक तोडा. डेंटर कुरकुरेल, कुरकुरू दे. शेवटी पोकळीत मेण फवारा आणि पाण्याची भोकं मोकळी ठेवा. एक मात्र बजावून सांगा: चॅसिस नंबर (वेगळी चॅसिस नसली तरी गाडीच्या ओळख क्रमांकाला हेच म्हणतात) ठोकलेल्या भागाला ग्राइंडर लागता कामा नये. आरटीओत तो निस्तरताना नाकी नऊ येतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या, तेव्हा भंगारातल्या टॅक्सीचा रनिंग बोर्ड कापून लावू का, असंही विचारतात. हँडल, दिवे, काचा जरूर आणा. पण वीस पावसाळे मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यात काढलेल्या गाडीचा नेमका तोच भाग शाबूत मिळेल, ही आशा सोडा.

पट्टी मारायची हौसच असेल, तर मागच्या कमानपाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) जोडांपासून लांब, डिकीच्या तळाला मारा. तिथे माझी हरकत नाही.