सक्ती, आग्रह, भीड आणि इंग्रजीतला ‘कम्पेल’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी बरेच जण लिहितील. आज नववी-दहावीत असलेल्या मुलांना वापरता येईल असे काहीतरी शाळेला द्यावे, असे मला वाटले. मराठी माध्यमातून शिकून भाषांतराच्या कामात पडलेल्या माणसाकडून ज्या इंग्रजी क्रियापदाच्या बाबतीत सर्वात जास्त चुका होतात, ते म्हणजे ‘कम्पेल’. त्याचे भाऊबंदही सोबत येतातच.

आपल्या वहीत ‘कम्पेल म्हणजे सक्ती करणे’ असे लिहिलेले असते आणि शेजारी समानार्थी म्हणून ‘फोर्स’. हे चूक नाही, अपुरे आहे. हा शब्द लॅटिनमधल्या ‘पेल्लेरे’वरून आला. पेल्लेरे म्हणजे हाकणे, ढकलणे. गुरे हाकून एका जागी गोळा करणे हा ‘कम्पेल’चा मूळ अर्थ. याच घरातले एक्स्पेल, रिपेल, प्रोपेल, इम्पेल. त्यांची नामे एकाच साच्यातून निघतात: कम्पल्शन, एक्स्पल्शन, रिपल्शन, प्रोपल्शन, आणि थोडे वेगळे ‘इम्पल्स’. उच्चारात जोर शेवटच्या ‘पेल’वर असतो, म्हणूनच भूतकाळात आणि ‘इंग’ लावताना शेवटचा ‘एल’ दोनदा लिहायचा. परीक्षेत या एका अक्षरासाठी गुण जातात.

आता खरा मुद्दा. मराठीत ‘त्याच्यावर सक्ती केली, पण तो बधला नाही’ हे वाक्य सहज चालते. ‘त्याला जायला भाग पाडले, पण तो गेला नाही’ हे मात्र कानाला खटकते, कारण ‘भाग पाडले’ म्हटले की काम झालेले असते. इंग्रजीतले ‘फोर्स’, ‘कम्पेल’ आणि ‘मेक’ हे तिन्ही भूतकाळात ‘भाग पाडणे’च्या बाजूचे आहेत. ‘दे फोर्स्ड हिम टु साइन’ याचा अर्थ सही झाली. एखाद्या अर्जात ‘माझ्यावर सहीसाठी दबाव आणला’ असे असेल आणि भाषांतरकाराने तिथे ‘फोर्स्ड’ लिहिले, तर अर्जदाराने न केलेली सही कागदावर केलेली ठरते. तिथे ‘प्रेशराइज्ड’ किंवा ‘पुट प्रेशर ऑन’ हवे. दबाव आला एवढेच त्यातून कळते, पुढे काय झाले ते वेगळे सांगावे लागते. ‘प्रेशराइज’ हे ब्रिटिश वळण आपल्याकडे रुळले आहे, अमेरिकेत क्रियापद म्हणूनही नुसते ‘प्रेशर’ वापरतात.

हा फरक मराठी माणसाला अवघड जातो, याचे एक कारण आपल्याच बोलण्यात आहे. ‘काकूंनी जेवायला खूप फोर्स केला’ असे आपण सर्रास म्हणतो. इथे फोर्स म्हणजे आग्रह. तेच वाक्य इंग्रजीत नेले की काकूंनी बळेच घास कोंबला असे चित्र उभे राहते. आग्रहासाठी ‘प्रेस’ किंवा ‘अर्ज’ (इंग्रजीतला urge, मराठीतला अर्ज नव्हे) वापरावे: ‘शी प्रेस्ड मी टु टेक सम मोअर’. आणखी साधे हवे असेल तर ‘शी केप्ट आस्किंग मी टु हॅव सम मोअर’. मग कोणी ‘इन्सिस्ट’कडे वळतो आणि ‘शी इन्सिस्टेड मी टु ईट’ लिहितो. हे वाक्य चूक आहे. ‘इन्सिस्ट’च्या पुढे माणूस थेट कर्म म्हणून येत नाही. ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग’, म्हणजे पैसे मीच देणार असा हट्ट धरला, किंवा ‘शी इन्सिस्टेड दॅट आय स्टे फॉर डिनर’, एवढ्याच दोन रचना लक्षात ठेवा. दुसऱ्या रचनेत कर्ता ‘ही’ असला तरी क्रियापद ‘स्टे’च राहते, त्याला ‘एस’ लागत नाही. ‘ठासून सांगणे’ या अर्थी ‘इन्सिस्ट’ आले तर मात्र काळ नेहमीसारखा: ‘ही इन्सिस्टेड दॅट ही वॉज राइट’.

क्रियापदापुढे काय येते याला फार महत्त्व आहे, कारण अर्थ बरोबर असूनही वाक्य तिथेच मोडते. फोर्स, कम्पेल, ऑब्लाइज, प्रेस, अर्ज यांच्यापुढे माणूस आणि मग ‘टु’. ‘फोर्स्ड मी फॉर गोइंग’ हे मराठी ‘जाण्यासाठी’चे उसने रूप आहे, ते टाळा. ‘कोअर्स’ (धाक घालून करायला लावणे), ‘बुली’, ‘टॉक’, ‘ट्रिक’ यांच्यापुढे माणूस, मग ‘इन्टु’ आणि ‘इंग’चे रूप: ‘दे कोअर्स्ड हिम इन्टु साइनिंग’. गळ घालून राजी केले असेल तर ‘टॉक्ड हिम इन्टु साइनिंग’, फसवून केले असेल तर ‘ट्रिक्ड’. धाक, गोडी की कपट, हे एका क्रियापदावरून कळते.

रोजच्या बोलण्यात मात्र ‘कम्पेल’ फारसे येत नाही, ‘मेक’ येते. ‘ही मेड मी वेट’, त्याने मला थांबायला लावले. इथे ‘टु’ नाही. हेच कर्मणी केले की ‘टु’ परत येतो: ‘आय वॉज मेड टु वेट’. मराठीत ‘करायला लावणे’ आणि ‘करवून घेणे’ यांत जे अंतर आहे, ते इंग्रजीत ‘मेक’ आणि ‘गेट’मध्ये बरेचसे सापडते. मुलाकडून अभ्यास करवून घेतला तर ‘गॉट हिम टु स्टडी’, मानगुटीवर बसून करायला लावला तर ‘मेड हिम स्टडी’. ‘गेट’ला ‘टु’ लागतो, ‘मेक’ला लागत नाही.

उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, वेगळा सापळा आहे. इंग्रजीत पाऊस, आजारपण, तोटा हे सगळे कर्ते होऊन माणसाला ‘फोर्स’ करतात. त्यावरून ‘मुसळधार पावसाने आयोजकांना सामना पुढे ढकलण्यास भाग पाडले’ अशी बातमी छापली जाते. मराठीत परिस्थितीच्या रेट्याला ‘लागणे’ हे स्वतंत्र क्रियापद आहे: पावसामुळे सामना पुढे ढकलावा लागला. मराठीत माणूस सक्ती करतो, परिस्थितीमुळे करावे लागते. हा आपल्या भाषेतला सुंदर बारकावा आहे आणि तो जपायला हवा.

‘ऑब्लाइज’ला दोन तोंडे आहेत. कायद्याने किंवा कर्तव्याने बांधलेला माणूस ‘ऑब्लाइज्ड टु’ असतो, पण ते काम त्याने केलेच असे त्यातून निघत नाही. ‘फील ऑब्लाइज्ड’ म्हणजे आपली भीड: भिडेखातर हो म्हटले. आणि ‘मच ऑब्लाइज्ड’ म्हणजे आभारी आहे.

कायद्यात हे शब्द तोलून मापून येतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. तिथे इंग्रजी शब्द ‘कम्पेल्ड’ आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १५ मध्ये ‘कोअर्शन’ची व्याख्या आहे: दंडविधानाने मनाई केलेले कृत्य करून किंवा त्याची धमकी देऊन, अथवा मालमत्ता बेकायदा अडकवून किंवा तशी धमकी देऊन करार करायला लावणे. नात्यातले किंवा अधिकाराचे वजन वापरून करवून घेतलेला करार वेगळा, तो कलम १६ मध्ये येतो. ‘एन्फोर्स’चे कर्म माणूस नसतो, नियम किंवा हक्क असतो. ‘एन्फोर्स द रूल’ म्हणजे नियमाची अंमलबजावणी करणे.

शाळेच्या स्मरणिकेत ‘कम्पल्सरी एज्युकेशन’ सोडून चालणार नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये ते मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता, म्हणजे सक्ती पालकांवर होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ‘सक्तीचे शिक्षण’ आहे, पण कलम ८ मध्ये त्याचा अर्थ शासनावरचे बंधन असा केला आहे: शिक्षण मोफत द्यायचे, आणि प्रवेश, हजेरी व शिक्षण पूर्ण होणे याची खात्री करायची. पालकांचे कर्तव्य कलम १० मध्ये वेगळे सांगितले आहे. शब्द तोच, भार कोणावर ते बदलले. वाक्यात सक्ती कोण करतो, कोणावर आणि काम झाले का, हे विचारल्याशिवाय या शब्दाला हात लावू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

विशेषणांकडेही एकदा बघून घ्या. ‘फोर्सफुल’ भाषण जोरकस असते, ‘फोर्सिबल’ प्रवेश दार फोडून किंवा बळाने केलेला असतो, ‘फोर्स्ड’ हसू ओढूनताणून आणलेले असते. यांची अदलाबदल चालत नाही. ‘कम्पेलिंग’ पुस्तकात तर सक्ती कोणाचीच नसते, ते खाली ठेववत नाही एवढेच. ‘कम्पल्सरी’ विषय घ्यावाच लागतो, आणि ‘कम्पल्सिव्ह’ खोटे बोलणाऱ्याला खोटे बोलल्यावाचून राहवत नाही.