कव्हर हाय का? आमच्या दुकानाची वाटचाल

पाटीवर "स्थापना १९७४" लिहिलंय खरं, पण मधली वीसेक वर्षं ह्या दुकानात पुस्तकाचं एक पान नव्हतं. आधी एसटीडी होतं, मग झेरॉक्स, मग रिचार्ज. गिऱ्हाईक विचारतात की परभणीसारख्या गावात जुन्या पॉकेट बुकांचा धंदा कुठून सुचला राव, आणि दरवेळी फोनवर तीच गोष्ट सांगून घसा कोरडा पडायलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आबांचं दुकान स्टेशन रोडला, दहा बाय बारा. पुस्तकं विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची. रोजचे पंचवीस पैसे, डिपॉझिट पाच रुपये. रहस्यकथांचे अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, नंतर शिरवळकर, रात्री घाबरायला धारप. हिंदीत मेरठची पॉकेट बुकं. आणि एक अख्खं फडताळ उर्दूचं. त्याचं पुण्या-मुंबईच्या लोकांना लई आश्चर्य वाटतं, पण आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं की, शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. त्यामुळं धोतर-टोपीवाले रिटायर्ड वकील आबांच्या दुकानात उभे राहून इब्ने सफी वाचायचे, मराठी पुस्तकाला हात लावायचे नाहीत. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' मालिका अलाहाबादहून १९५२ ला सुरू झाली आणि त्यातला कर्नल फरीदी आमच्या आजोबांच्या पिढीला घरातल्या माणसासारखा होता.

आता मुद्द्याचं. पुस्तकांचा नवीन गठ्ठा आला की आबा पहिलं काम काय करायचे, तर कव्हर फाडायचे. हो, फाडायचे. पिना उपसायच्या, कव्हर बाजूला काढायचं, दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावायचा, दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवायचं, वर खाकी कागद, त्याच्यावर नंबर. नाहीतर शंभर हातांत ते पुस्तक महिनाभर टिकायचं नाही. आणि ते सुटं कव्हर? ते दारातल्या प्लायवूडच्या फळीवर खळ लावून चिकटवायचे, "नवीन आलेली" म्हणून. पुढच्या महिन्यात त्याच्यावर दुसरं कव्हर. माझ्या माहितीत गावोगावच्या भाड्याच्या वाचनालयांची हीच रीत होती. म्हणजे गंमत बघा, जे पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं त्याचंच कव्हर आज मिळत नाही, आणि जे कुणी वाचलंच नाही ते कोरं करकरीत सापडतं. अर्नाळकरांची पुस्तकं हजारावर, पण कव्हरासकट एक मिळायला मला वर्ष लागलं.

टीव्हीवर चॅनेल आले आणि भाड्याचा धंदा झोपला. २०१७ ला मी घर साफ करताना माळ्यावरची तीन पोती नऊ रुपये किलोनं रद्दीत घातली. दोन गेली, तिसऱ्याला रद्दीवाल्याच्या हातगाडीवर जागा नव्हती म्हणून राहिलं. त्यातल्या अर्नाळकरांच्या एका 'झुंजार' कथेचा (झुंजार हा त्यांचा नायक) फोटो सहज फेसबुकवर टाकला तर अर्ध्या तासात एका अनोळखी माणसाचा मेसेज, "कव्हर आहे का?" म्हटलं नाही, पण आतली पानं सगळी आहेत. "मग नको." मला पहिल्यांदा रागच आला, पुस्तक वाचायला घेतात का भिंतीवर लावायला. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला कव्हरवाल्या पुस्तकाचा फोटो पाठवला. काळ्या रात्रीतला हिरवट उजेड, पिस्तूल, मागं वळून बघणारी बाई, आणि कोपऱ्यात बारकी सही, मुळगावकर. ज्या रघुवीर मुळगावकरांचे देवादिकांचे कॅलेंडर आमच्या देवघरात होते तेच. आबांनी ह्यांची किती चित्रं खळीनं एकमेकांवर थापली असतील ह्या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही, खोटं नाही सांगत.

मग फिरायला लागलो. जालना, नांदेड, लातूरची गंजगोलाई, आपल्या उरुसातले जुन्या सामानाचे पाल. शनिवारी रात्री गाडीत बसायचं आणि रविवारी सकाळी हैदराबादला आबिड्सच्या फुटपाथवर. नांदेडला एक चचा भेटले, त्यांच्याकडं उर्दू जासूसी अंकांची पेटी. मी खूष होऊन सगळीच मागितली तर म्हणाले, "नक्को मियां, सब एकदम नक्को, दो-दो लेको जाओ, फिर आते रैना." दोन वर्षं दर महिन्याला जात होतो. पेटी संपली तरी चहाला जातो.

इंग्लिशमध्ये मला काही कळत नव्हतं. संभाजीनगरला एका रिटायर्ड इंजिनिअरचं घर रिकामं करायचं होतं, तिथं नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची पेंग्विनची पुस्तकं ओळीनं. ह्याच्यावर चित्रच नाही, कोण घेणार, असं म्हणून मी बाजूच्या पॅन आणि कॉर्गी ह्या प्रकाशनांच्या भडक चित्रांच्या कादंबऱ्याच उचलल्या. नंतर वाचलं की पेंग्विन १९३५ मध्ये सहा पेन्सला एक अशी सुरू झाली, नारंगी म्हणजे कादंबरी, हिरवी म्हणजे गुन्हेकथा, आणि ह्या बिनचित्राच्या कव्हरांवर जीव टाकणारे लोक वेगळेच असतात. परत गेलो तर घराला कुलूप.

तारीख काढायची कशी हे मात्र आपण स्वतः शिकलो, कारण जुन्या रहस्यकथांवर साल असेलच ह्याचा भरवसा नाही. किंमत बघायची. आण्यात असेल तर बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून दशमान पैसे आले. "न. पै." म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर ५७ ते ६४ च्या मधलं, पुढं 'नवे' गळालं. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचंच, त्याच्या आधी नुसतं "मुंबई ४" असायचं. उलटं मात्र धरू नका, काहीजण पुढंही कितीतरी वर्षं जुनाच पत्ता छापत होते. आणि किंमतीवर रबरी शिक्का मारून नवी किंमत टाकलेली असेल तर शिक्क्याखालचं वाचा, खरं साल तिथं असतं.

आता माझा गाढवपणा. एका गावातल्या बंद वाचनालयातनं पंधरा पुस्तकं आली, त्यांची कव्हरं शाबूत पण वरनं वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला. एका ठिकाणी कागद फाटला होता, आतनं निळी साडी आणि चाकूचं टोक दिसत होतं. मी कापूस ओला करून लावला, दहा मिनिटं थांबलो आणि ओढला. कागद निघाला. त्याच्याबरोबर साडी निघाली, चेहरा निघाला, आणि हातात उरला पांढरा फटक पुठ्ठा. त्या काळची बरीच कव्हरं आर्ट पेपरवर छापलेली, त्या कागदाला गुळगुळीतपणासाठी चिनी मातीसारखा लेप असतो आणि पाणी लागलं की तो लेपच चिकट होतो, रंग त्याच्यावर बसलेला असतो ना. हे मला एका बाइंडरनं नंतर सांगितलं. पुढची चौदा आम्ही टीपकागद नुसता दमट करून, वर काच ठेवून, एकेक कोपरा करत काढली, म्हणजे हिनं काढली. माझ्या हातात तेवढा धीर नाही. एका कव्हराला तीन रात्री लागल्या, अकरा वाचली.

फसलोही. मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्यानं तीन अर्नाळकर कव्हरासकट म्हणून साडेचार हजाराला पाठवले, दिसायला झकास. आबांनी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "पुस्तक म्हातारं, कव्हर पोरगं." घड्याळवाल्याकडनं भिंग आणलं. जुनी छपाई ब्लॉकची, त्यात ठिपक्याच्या कडेला शाई दाबून जाड झालेली दिसते, कधी मागून बोट फिरवलं तर दाब पण लागतो. ह्याच्यात तसलं काहीच नाही, घडीवर रंगाचा पापुद्रा उडालेला, म्हणजे कलर झेरॉक्स. पंधरा वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलेल्या माणसाला झेरॉक्स विकली! पैसे आले नाहीत. तेव्हापासून आमचा नियम, प्रत्येक पुस्तकाचा कणा, मागची बाजू, आतलं पहिलं पान ह्यांचे फोटो आधी, पैसे नंतर, आणि कव्हर दुरुस्त केलेलं असेल तर तसं लिहून देणार. सेलोटेप लावलेलं असेल तर तेही. ती टेप काढू नका, घरी तर अजिबात नका काढू.

आपल्या हवेचं एक सांगतो. कोकणातनं आलेल्या पुस्तकाला बुरशी, पिना गंजून कागदात गंजाचे डाग. आपल्याकडचं पुस्तक त्या मानानं स्वच्छ, पण उन्हाळ्यानं कण्याचा सरस वाळून भुगा होतो आणि स्वस्तातला कागद बिस्किटासारखा तुटतो. म्हणून मराठवाड्यातलं पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, अर्धंच. गिऱ्हाईकाला हे सांगितलं की त्याला वाटतं मी वाचू देत नाही.

धंदा मोठा वगैरे नाही. झेरॉक्स मशीन अजून चालू हाय आणि लाइटबिल तीच भरते. महिन्याला वीस-पंचवीस पार्सलं जातात, दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर प्लास्टिक. सगळ्यात जास्त मागणी मुळगावकर आणि दीनानाथ दलालांच्या चित्रांना, त्यांच्या खालोखाल मेरठची 'शेले' सहीची. उर्दूचं गिऱ्हाईक कमी पण पक्कं.

२०२२ ला घराला रंग द्यायला माळा रिकामा केला तेव्हा ट्रंकेखाली ती फळी निघाली. आबांची दारातली प्लायवूडची फळी, तोंड खाली करून ठेवलेली. वरच्या थरात छत्तीस कव्हरं, आणि कडेला नखानं बघितलं तर खाली अजून चार-पाच थर. उचकटायचं म्हणजे सगळंच जाणार, म्हणून तशीच पुसून दुकानात टांगली. आबा खाली खुर्चीवर बसतात आणि आल्या-गेल्याला काठीनं दाखवतात, ह्याच्या खाली अर्नाळकरांचा काळापहाड, त्याच्या खाली त्यांचाच एक धनंजय, हितं कोपऱ्यात एक बाई होती लाल साडीची. खरं का खोटं कोण बघणार.

मागच्या दिवाळीत मुंबईचे एक संग्राहक खास फळी बघायला आले, तासभर भिंग लावून बघितली आणि पंचवीस हजार म्हणाले. मी आबांकडं बघितलं.

"विकायची नाही," आबा म्हणाले. "भाड्यानं पाहिजे तर न्या. रोजचे पंचवीस पैसे, डिपॉझिट वेगळं."