दवाखान्यातली आजची तीन पोरं

आज अमळनेरच्या दातांच्या दवाखान्यात ओळीने तीन पोरं. अडीच वर्षांच्या ताईबाईंना खुर्ची नकोच. मग मी आणि तिची आई गुडघ्याला गुडघा लावून बसलो. पाय आईच्या कमरेभोवती, डोकं माझ्या मांडीवर. अर्ध्या मिनिटात दात बघून झाले. रडली, पण रडताना तोंड उघडंच असतं!

७ वर्षांच्या गड्याला आधी पाण्याची पिचकारी तळहातावर मारून दाखवली, मग दातावर. "तुना दात दुखस का रे?" असं अहिराणीत विचारलं तसा खुदकन हसला. तेवढ्यात मागून आजी: "गप बस, नाहीतर सुई टोचतील!" झालं, तोंड कुलूपबंद. १५ मिनिटांची मेहनत पाण्यात. (आजींना चहाला पाठवलं.) त्याची किडलेली दाढ बघितली, तर ती दुधाची नव्हे, कायमची होती. घरचे म्हणत होते, दुधाची आहे, पडेल. साधारण सहाव्या वर्षी येणारी ही दाढ कुठलाही दात न पडता मागे गुपचूप उगवते, म्हणून फसगत होते.

१३ वर्षांच्या मुलीपाशी मात्र मीच चुकलो. सवयीने सगळं तिच्या पप्पांनाच सांगत बसलो. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टरकाका, दात माझे आहेत."

स्टूल तिच्याकडे वळवलं आणि एक्स-रे तिच्या हातात दिला.