कार्ड राज्याचं, चौकशी केंद्राची

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका क्लिनिकमध्ये मी वैद्यकीय गांजाच्या नोंदणीची कागदपत्रं बघते. आजूबाजूला मराठी, गुजराती, तेलुगू घरं भरपूर. त्यामुळे ‘आईचं ते… गांजाचं कार्ड काढायचंय’ असे दबक्या आवाजातले फोन नवीन राहिलेले नाहीत. त्या मंगळवारी आलेल्या मायलेकींची फाइल तर इतकी चोख होती, की चहा निवायच्या आत काम उरकलं असतं. पण शेवटी कार्ड काढलं नाही, आणि तेच योग्य होतं.

काकू अडुसष्ट वर्षांच्या, साताऱ्याकडच्या. स्तनाचा कर्करोग, केमो चालू. प्रत्येक केमोनंतर दोन-तीन दिवस पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. नेहमीच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या.

पात्रतेचा प्रश्नच नव्हता. न्यू जर्सीच्या पात्र आजारांच्या यादीत कर्करोग आहे. जुनाट वेदना, मायग्रेन, काचबिंदू, अपस्मार, चिंताविकार हेही आहेत. लोकांचा पहिला घोटाळा होतो तो असा, की डॉक्टर चिठ्ठी देतील आणि आपण दुकानात जाऊ. गांजाची चिठ्ठी अमेरिकेत कुठलाच डॉक्टर लिहू शकत नाही. राज्याच्या वैद्यकीय गांजा कार्यक्रमात नोंदलेला डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट राज्याच्या पोर्टलवर फक्त प्रमाणित करतो, की हा माझा रुग्ण आणि याला हा आजार आहे. त्यातून एक रेफरन्स नंबर निघतो. तो घेऊन रुग्णानं पोर्टलवर स्वतःची नोंदणी करायची: सरकारी ओळखपत्र, न्यू जर्सीत राहत असल्याचा पुरावा, फोटो. डिजिटल कार्ड २०२४ पासून फुकट आहे, प्लास्टिकचं हवं असेल तर १० डॉलर. डॉक्टरांची फी वेगळी. माल मात्र विम्यात बसत नाही, तो सगळा खिशातून.

अर्ज अडकतात ते आजारावरून नाही, नावावरून. आपल्याकडे पासपोर्टवर कधी आडनावाचा रकाना कोरा असतो, मग अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि अख्खं नाव आडनावात जाऊन बसतं. नवऱ्याचं नाव कुठे मधलं असतं, कुठे गायब. डॉक्टरांनी एक नाव भरलं, ओळखपत्रावर दुसरं निघालं, की अर्ज परत. म्हणून मी ओळखपत्र समोर ठेवूनच अक्षरन् अक्षर भरून घेते. दुसरी अडचण पत्त्याची. वीजबिल लेकीच्या नावावर, आईच्या नावावर काहीच नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे राज्याच्या मोटार वाहन खात्याचं, गाडी न चालवणाऱ्यांसाठीचं ओळखपत्र आधी काढून घ्यायचं. काकूंकडे ते होतं. नावही तंतोतंत जुळत होतं.

फाइल मिटताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, “काकू, सिटिझनशिपचा अर्ज केलाय का?”

“हो तर,” लेकच म्हणाली. “पाच वर्षं झाली ग्रीन कार्डाला. मुलाखतीची तारीख यायचीय. का?”

हा प्रश्न कुठल्याही फॉर्मवर नाही. राज्याला त्याचं देणंघेणं नाही, पण केंद्राच्या कायद्यात गांजा हा नियंत्रित पदार्थच आहे, आणि नागरिकत्व केंद्र देतं. नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, यूएससीआयएसनं, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय, की राज्याच्या कायद्यात बसत असलं तरी गांजाशी संबंधित वागणूक नागरिकत्वासाठी लागणाऱ्या अर्जदाराच्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते. मुलाखतीतली उत्तरं शपथेवर असतात. “डॉक्टरांनीच सांगितलं होतं” ही तिथे सबब नाही, उलट तीच कबुली ठरू शकते. ग्रीन कार्डवाला परदेशातून परतताना विमानतळावर असंच काही बोलून बसला तरी अडकू शकतो. एच-वन-बीवाल्यांनाही हेच लागू. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील तर राज्याचे रहिवासीच नसतात, त्यांचं कार्ड मुळात निघतच नाही.

लेक चिडली. “अहो, इथे कोपऱ्यावरच्या दुकानात खुलेआम मिळतं! कार्ड नको, मी तिथूनच आणते.”

मिळतं खरंच. एप्रिल २०२२ पासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही. पण अडचण कार्डाची नाही, सेवनाची आहे. कार्ड नसलं म्हणून वापर पुसला जात नाही, फक्त वैद्यकीय कारणाचा कागद हातचा जातो आणि वर कर भरावा लागतो. कार्डधारकांना तो जुलै २०२२ पासून माफ आहे. मग मुलाखतीत लपवायचं का? शपथेवर खोटं बोलणं हा गांजापेक्षा मोठा खड्डा. मी वकील नाही, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला गाठायला सांगितलंच. पण दर आठवड्याला मायलेकी कुठे ना कुठे अशाच बसलेल्या असतात आणि कार्ड विकणारी ऑनलाइन क्लिनिकं हा विषय काढतसुद्धा नाहीत, याचा मला राग येतो.

काकू इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, “मग मी काय, उलट्याच काढू?”

नाही. यावर एक सरळ वाट आहे आणि ती फार जुनी आहे. ड्रोनाबिनॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, गांजातला तोच मुख्य घटक. अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, १९८५ मध्ये मान्यता दिली ती नेमकी केमोच्या मळमळीसाठी, इतर औषधं लागू पडत नसतील तेव्हा. ही खरी चिठ्ठी असते, साध्या फार्मसीत मिळते आणि केंद्राच्या कायद्यात बसते. मी डॉक्टरांना आत जाऊन सांगितलं, त्यांनी काकूंच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला. विमा कंपनी आधी परवानगी मागते. आधीची कुठली औषधं दिली, कधी दिली आणि का चालली नाहीत हे तारखांसह लिहिलं नाही, तर हमखास नकार येतो. तो कागद मी तिथेच बसून तयार केला.

वय बघून २.५ मिलीग्रामपासून सुरुवात ठरली: केमोच्या एक ते तीन तास आधी, पहिली मात्रा रिकाम्या पोटी, जेवणाच्या निदान अर्धा तास अगोदर. कॅप्सूल तिळाच्या तेलात असते, म्हणून तिळाची ॲलर्जी विचारावीच लागते. “संक्रांतीला डबाभर लाडू मीच वळते,” काकू म्हणाल्या. बाटली फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. उठताना रक्तदाब पडून भोवळ येते, तेव्हा पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं. झोपेची गोळी त्याबरोबर नको.

निघताना लेकीनं विचारलं, मैत्रिणीनं दिलेल्या गांजाच्या गमीज (जेलीच्या गोळ्या) पुण्याला जाताना बॅगेत चालतील का. भारतात अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे आणि तिथे न्यू जर्सीचं कार्ड दाखवून काहीही उपयोग नाही. गमीज मैत्रिणीला परत करा, म्हटलं.