चोवीस तास कुठून मोजायचे?

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना सकाळी पोलीस ठाण्यात ‘चौकशीसाठी’ बोलावण्यात आले आणि ते रात्रीपर्यंत तिथल्या बाकावर बसून होते. अटक झालेली नाही, असे ठाण्यातले सांगत. मग घरी जाऊ द्या म्हटले की, साहेब आल्याशिवाय सोडता येणार नाही, असे उत्तर मिळे. त्यांच्या पत्नीने ओळखीच्या वकिलांना फोन केला, तेव्हा धीर वगैरे देण्याआधी त्यांनी विचारले, ‘किती वाजता नेले?’ आणि ती वेळ लिहून ठेवायला सांगितली. वहिनींनी ती वीजबिलाच्या पाठीमागे लिहिली. गृहस्थ रात्री सुटले, प्रकरण क्षुल्लक होते, पुढे काही झाले नाही. वकिलांनी पहिला प्रश्न वेळेचाच का विचारला, हे मात्र मला संविधानाचा अनुच्छेद २२ नीट वाचल्यावर उमगले.

या अनुच्छेदाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगावी लागतात, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. वाचायला हे रुक्ष वाटते. पण चोवीस तास कुठून मोजायचे, यावर सारे अवलंबून असते, कारण डायरीत अटकेची वेळ नोंदवण्याचे काम ज्याच्या हाती लेखणी असते त्याच्याकडेच असते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, माणसाच्या हालचालींवर बंधन आले त्या क्षणापासून अटक सुरू होते, कागदावर नोंदलेल्या वेळेपासून नव्हे. वीजबिलामागच्या त्या आकड्याचे मोल एवढ्याचसाठी होते. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळीच साक्षीदाराच्या सहीनिशी टिपण तयार करण्याचे बंधन घातले. त्या टिपणातही तारीख आणि वेळ हवीच.

हा अनुच्छेद संविधानात आला कसा, तेही पाहण्याजोगे आहे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूळ कलमात, म्हणजे आजच्या अनुच्छेद २१ मध्ये, अमेरिकेच्या धर्तीची ‘ड्यू प्रोसेस’ ही शब्दयोजना घालावी असा संविधान सभेतल्या अनेक सदस्यांचा आग्रह होता; ती आली असती तर कायद्याने घालून दिलेली पद्धत न्याय्य आहे की नाही, हेही न्यायालयांना तपासता आले असते. घटना सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेला गेले असताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना या बाबतीत सावध केले होते, आणि अखेर ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ एवढेच शब्द राहिले. लोकांना ते पुरेसे वाटले नाहीत. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये, मसुदा पूर्णत्वाला येत असताना, एक नवे कलम मांडले आणि आधी जे हातचे गेले त्याची ही भरपाई आहे, असे सभागृहाला मोकळेपणाने सांगितले. तेच आजचे अनुच्छेद २२. एका मोठ्या शब्दाऐवजी आपल्याला काही तासांची मुदत आणि काही कागद मिळाले, आणि मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

‘गुन्हेगाराला कसले हक्क?’ हा प्रश्न हल्ली चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, आणि विचारणारी माणसे दुष्ट असतात असे नाही. एखाद्या अघोरी गुन्ह्याची बातमी वाचून कुणाचाही तोल जातो. मात्र अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत समोरचा गुन्हेगार आहे की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नसते.

हे सारे कागदावरून पुसले गेले तर काय उरते, याचा दाखला आपल्याकडे आहे. आणीबाणीत मिसा या खटल्याविना स्थानबद्ध करू देणाऱ्या कायद्याखाली डांबलेल्यांच्या अर्जांवर नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले होते की, अटक कायद्याला धरून आहे का, हे आम्ही तपासू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर त्यावरही दाद मागता येणार नाही का? आपल्या युक्तिवादाशी प्रामाणिक राहून डे यांना सांगावे लागले की, आणीबाणी असेतोवर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो एक म्हणजे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. चारांतले एक यशवंत चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. बरोबरच्या निकालांपेक्षा अशा चुकलेल्या निकालातून मला अधिक शिकायला मिळते, कारण तो देणारी माणसे विद्वान होती, आणि तरीही वेळ आली तेव्हा त्यांना आपला अधिकार सापडला नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने नंतर असे बंधन घातले की, आणीबाणीतही अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ यांची अंमलबजावणी थांबवता येणार नाही. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो जुना निकाल चुकीचा ठरवणाऱ्या निकालपत्रावर धनंजय चंद्रचूड यांची, म्हणजे यशवंतरावांच्या चिरंजिवांची, सही आहे.

आज आणीबाणी नाही, म्हणून विषय संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने चोवीस तासांची अट कायम ठेवली आहे. पण पंधरा दिवसांची पोलीस कोठडी, जी पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी लागे, ती आता गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. कोठडीतून एकदा बाहेर पडलेला माणूस पुन्हा आत जाऊ शकतो, ही भीती जामिनाच्या प्रत्येक अर्जावर सावली धरून असते. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे ठरवले. मराठी माणसाच्या हाती इंग्रजी कागद ठेवून सही घेण्याला यापुढे अर्थ उरू नये.

आमच्या स्थानिक वृत्तपत्रात मात्र अधूनमधून चार ओळींची बातमी असते: अमुक इसम एमपीडीएखाली (धोकादायक कारवायांना आळा घालणाऱ्या कायद्याखाली) स्थानबद्ध. १९८१ च्या या राज्य कायद्याखाली माणसाला खटल्याविना वर्षभर तुरुंगात ठेवता येते, आणि त्याला चोवीस तासांची अट लागू नाही, कारण अनुच्छेद २२ नेच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच डांबण्याला, त्यातून वगळले आहे; बाबासाहेबांनी मांडलेल्या त्या कलमाची ही दुसरी बाजू. तिथे स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का, हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांपर्यंत डांबून ठेवता येते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारी आणि मंडळावर न्यायाधीश नेमताना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची शिफारस आवश्यक करणारी तरतूद त्याच ४४ व्या घटनादुरुस्तीत आहे. संसदेने ती १९७८ मध्ये मंजूर केली. अंमलात कधी आणायची ते केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे होते. ती अधिसूचना अजून निघालेली नाही.